मिस पुष्पा, गोदो आणि टी.वाय.चा निरोप

स्पेशल इंग्लिश घेतलेल्या टी.वाय.च्या मुलांचा निरोप समारंभ आणि शेजारच्या कॉमर्सच्या वर्गाचा निरोप समारंभ यांचे फोटो अदलाबदल केले, तर कुणाच्याही लक्षात येणार नाही. तीच फुग्यांची कमान, तोच केक, तोच डी.जे. फ्लेक्सवरचं ‘फेअरवेल’चं स्पेलिंग बरोबर आलं की इंग्रजी विभागाची जबाबदारी संपली, अशी आमची समजूत झालेली दिसते.

मी नगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी इंग्रजी शिकवते. फेब्रुवारी सरत आला की वर्गप्रतिनिधी वहीचं फाडलेलं पान घेऊन स्टाफरूमच्या दारात उभा राहतो. पानावर हॉल, फ्लेक्स, कमान, केक, साउंड, सेल्फी पॉइंट, ‘मिस्टर अँड मिस टी.वाय.’चे सॅश, सर-मॅडमना गिफ्ट, आणि तळाशी माणशी वर्गणी. मागच्या खेपेला आकडा ४०० रुपये होता. एस.वाय.ची मुलं यजमान आणि टी.वाय.ची पाहुणी, पण वर्गणी दोघांनाही सारखीच. मुलींना साडी आणि मुलांना ब्लेझर, हे यादीत लिहिलेलं नसतं. ते सगळ्यांना माहीत असतं.

आमच्या वर्गातली कितीतरी मुलं मार्चमध्ये घरच्यांबरोबर उन्हाळ कांदा काढायला जातात. ४०० रुपये म्हणजे एका दिवसाची मजुरी. वर ज्या मुलीच्या घरात आईचीच एक बरी साडी आहे, तिनं त्या दिवशी काय नेसायचं? ती येतच नाही. दरवर्षी निरोपाला पाच-सहा जण गैरहजर असतात आणि दुसऱ्या दिवशी कारण सांगतात, ‘मॅडम, मामाच्या पोरीचं लग्न होतं.’ आमच्या तालुक्यात इतक्या मामांच्या पोरींची लग्नं नेमकी निरोपाच्याच दिवशी कशी निघतात, हे शोधायला समाजशास्त्र विभाग लागत नाही.

आमचे एक सहकारी म्हणतात, ‘इंग्लिश डिपार्टमेंट आहे मॅडम, जरा स्टँडर्ड दिसायला पाहिजे.’ दिसायला पाहिजे, हे त्यांचं खरंच आहे, कारण कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या फायलीत उपक्रम लावायचा तर जिओ-टॅग असलेला फोटो लागतो. त्यामुळे शिपाईमामांपासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांच्या मोबाइलमध्ये जीपीएस मॅप कॅमेरा आहे. आमच्याकडे केकसुद्धा अक्षांश-रेखांशासह कापला जातो.

माझं म्हणणं असं की, इंग्रजी साहित्याच्या मुलांचा निरोप त्यांनी तीन वर्षं जे वाचलं त्यातून उभा राहावा, तो त्यांच्याच वर्गात व्हावा, आणि त्यात शेवटच्या बाकावरच्या मुलाला पैसे न भरता काहीतरी काम असावं. हे म्हटलं की मुलांचं उत्तर तयार असतं. ‘मॅडम, वर्षभर तेच वाचलं, आता शेवटच्या दिवशी तरी सोडा की.’ आक्षेप रास्त वाटतो, पण तो खरा नाही. वर्षभर वाचलं जातं ते गाईड. थीम, कॅरेक्टर स्केच, दहा मार्कांची उत्तरं आणि मागच्या पाच वर्षांचे पेपर. नाटक मोठ्यानं वाचलेलं, कविता दोघांनी भांडत-भांडत लावलेली, असं आमच्या वेळापत्रकात बसत नाही. इंटर्नल, असाइनमेंट, ओरल, सगळ्याला मार्क आहेत. तीन वर्षांत मार्क नसलेला दिवस एकच येतो, तो हा. तोही डी.जे.वाल्याच्या हवाली करायचा?

मजा नको, असं मी म्हणत नाही. उलट मला आताच्या समारंभात मजा कमीच दिसते. तासभर भाषणं, तासभर आवाज, आणि मग जेवणाच्या पाकिटांवरून कुरबूर.

फिशपॉन्ड घ्या. मराठी कॉलेजातला हा अस्सल वाङ्मयप्रकार आहे. जुनी मंडळी त्याला शेलापागोटे म्हणत. एका चिठ्ठीत एका माणसाचं अख्खं वर्ष मावलं पाहिजे, नाव न घेता वर्गाला कळलं पाहिजे आणि ज्याच्यावर आहे त्यालाही हसू फुटलं पाहिजे. ड्रायडन आणि पोप यांनी दोन-दोन ओळींच्या अशाच टोल्यांवर इंग्रजीत नाव कमावलं. म्हणजे साहित्याच्या विद्यार्थ्यांसाठी हा खरं तर घरचा अभ्यास. पण आज वाचलं जातं ते कुठल्या तरी रीलवरून उचललेलं, किंवा मग सरळ दुष्टपणा. एका कॉलेजात मी पाहुणी म्हणून बसले होते. तिथे एका मुलीच्या गावाकडच्या बोलण्यावरची चिठ्ठी वाचली गेली, तिच्या ‘न’ आणि ‘ण’वरची. सभागृह हसलं. तीही हसली, दुसरं करता काय येणार होतं? चिठ्ठीखाली अर्थातच नाव नव्हतं.

आमच्या वर्गात आता फिशपॉन्डला अटी आहेत. लिहिणाऱ्यानं खाली सही करायची. रंग, अंग, जात, गाव आणि उच्चार यांवर लिहायचं नाही. आणि टोला अभ्यासलेल्या पुस्तकातून यायला हवा. पहिल्यांदा मुलं चिडली, म्हणाली, मग उरलं काय? बरंच काही उरलं. वर्षभर लेक्चरला न फिरकलेल्या एका महाशयांना, बेकेटच्या नाटकातल्या कधीच न येणाऱ्या गोदोवरून, चिठ्ठी आली: ‘दोन सेमिस्टर ज्याची वाट पाहिली तो गोदो आज जेवणाच्या वेळेला मात्र बरोबर हजर आहे.’ उधार दिलेले दहा रुपये वर्षभर लक्षात ठेवणाऱ्या मैत्रिणीला शायलॉक केलं गेलं, आणि तिनं उठून भर वर्गात ‘मला मांस नको, दहा रुपयेच दे’ म्हणून वसुली केली. हॉस्टेलच्या मेसमध्ये दुसऱ्यांदा भात मागणाऱ्याला ऑलिव्हर म्हणतात, हे तर मला त्याच दिवशी कळलं. गाईडमध्ये यातलं एकही वाक्य सापडणार नाही. ती पात्रं त्यांना कळली आहेत, याचा यापेक्षा चांगला पुरावा मला तरी उत्तरपत्रिकेत मिळालेला नाही.

आता भाषणांकडे येते. निरोपाचं भाषण इंग्रजीतच झालं पाहिजे, असा आमच्या विभागांचा अलिखित दंडक आहे. त्यामुळे बोलतात ते ठरलेले तिघे-चौघे, तेही नेटवरून उतरवलेलं. बाकीचे टाळ्या वाजवतात. इथे मी दरवर्षी निसिम इझिकेल यांना बोलावते, म्हणजे त्यांच्या ‘गुडबाय पार्टी फॉर मिस पुष्पा टी. एस.’ या कवितेला. परदेशी निघालेल्या एका बाईंच्या निरोपाला एक सद्गृहस्थ बोलायला उभे राहिले आहेत आणि भारतीय धाटणीच्या इंग्रजीत त्यांचं भाषण चाललं आहे. बाईंच्या स्वभावाचं कौतुक, घराण्याचं कौतुक, मध्येच सुरतेच्या स्वतःच्याच आठवणीत शिरणं आणि पुन्हा वळून येणं. ही कविता वाचली की वर्ग पहिल्यांदा पोट धरून हसतो. मग मी विचारते, ‘कुणाला हसलात?’ आणि वर्ग गप्प होतो, कारण मागच्या आठवड्यात तयार केलेलं आपलं भाषण त्यांना आठवतं.

ही कविता आपल्यासारख्यांची टिंगल आहे, असं पुष्कळांना वाटतं. मला तसं पूर्ण वाटत नाही. इझिकेल १९२४ साली मुंबईत बेने इस्रायली कुटुंबात जन्मले. म्हणजे ज्या समाजाची बोलीच मराठी, त्या समाजातले. ते पुढे मिठीबाई कॉलेजात आणि मुंबई विद्यापीठात इंग्रजी शिकवत होते. ज्या इंग्रजीची त्यांनी नक्कल केली ती त्यांच्या कानांनी वर्षानुवर्षं ऐकलेली होती. वृंदा नाबर यांच्याबरोबर त्यांनी इंदिरा संतांच्या कविता इंग्रजीत नेल्या, हेही विसरता येत नाही. एका वर्षी वर्गातल्या एका मुलीनं, तिचं इंग्रजी फार सफाईदार नाही, हेच भाषण उभं राहून सादर केलं. तिनं त्या गृहस्थांना इतकं प्रेमळ करून टाकलं की शेवटी हसण्याऐवजी सगळ्यांना ते काका आवडू लागले. लोक चुकीच्या इंग्रजीतही मनापासून निरोप देतात, हे तिनं दाखवलं. त्यानंतर पाच-सहा जण न लिहून आणता बोलले. कुणी इंग्रजीत, कुणी मराठीत, एक मुलगा अर्धं अहिराणीत.

दोन भाषांत वावरायला लाजण्याचं इंग्रजी विभागांना काही कारणच नाही. शेक्सपिअर महाराष्ट्रात रुळला तो मराठीतून. आगरकरांनी १८८३ साली ‘हॅम्लेट’चा ‘विकारविलसित’ केला, देवलांनी ‘ऑथेल्लो’चा ‘झुंझारराव’ केला, शिरवाडकरांनी ‘मॅकबेथ’वरून ‘राजमुकुट’ लिहिलं आणि १९७० साली ‘नटसम्राट’ रंगभूमीवर आणताना ‘किंग लिअर’ची वेदना बेलवलकरांच्या घरात आणून ठेवली. विंदा करंदीकर इंग्रजीचे प्राध्यापक होते आणि त्यांनी ‘राजा लिअर’ दिला. महेश एलकुंचवारांनी नागपुरात इंग्रजी शिकवलं, जी. एं.नी धारवाडला, नेमाड्यांनी तर आमच्या नगरलाही. या मंडळींची परंपरा सांगायची आणि निरोपाच्या दिवशी मराठी बोलणाऱ्या मुलाला खाली बसवायचं, हे मला जमत नाही.

गोदोचं पुढे नाटक झालं, तेही सांगते. चार मुलांनी ठरवलं की आपण वीस मिनिटांचा प्रवेश बसवायचा. सेट काय? त्यांनी रंगाच्या रिकाम्या डब्यात वाळू भरली आणि बाभळीची एक वाळकी फांदी उभी केली. बेकेटला तरी याहून जास्त काय हवं होतं, एक रस्ता आणि एक झाड. मूळ नाटकात दुसऱ्या अंकात त्या झाडाला चार-पाच पानं येतात. मध्यंतरात एका मुलीनं कडुलिंबाची पानं काळ्या दोऱ्यानं फांदीला बांधली. संवाद मुलांचे स्वतःचे होते आणि दोघे ज्याची वाट पाहत होते ती होती दुपारची, बहुतेक रद्द झालेली, गावाकडची एस.टी. पास संपत आलेला, परीक्षा जवळ आलेली, गाडी येईना, निघू म्हणतात आणि निघत नाहीत. मागच्या बाकावर बसणारा, माझ्याशी तीन वर्षांत दोन वाक्यंही न बोललेला मुलगा यात पोझो झाला होता आणि त्यानं चाबकाऐवजी कंडक्टरची शिट्टी वापरली. खर्च शून्य. बेकेटनं हे नाटक आधी फ्रेंचमध्ये लिहिलं आणि मग स्वतःच इंग्रजीत आणलं. आमच्या पोरांनी ते तालुक्याच्या भाषेत आणलं, एवढाच फरक.

निरोपाची सहल काढायची असेल तर वॉटर पार्कला कशाला जायचं? आपल्या हाताशी जेजुरी आहे. अरुण कोलटकरांचं ‘जेजुरी’ हे इंग्रजी पुस्तक १९७६ साली आलं आणि पुढच्या वर्षी त्याला राष्ट्रकुल कविता पुरस्कार मिळाला. त्या पुस्तकाची सुरुवात एस.टी.च्या प्रवासानं होते आणि शेवट रेल्वे स्टेशनवर. म्हणजे कवीनं सहलीचा कार्यक्रमच आखून दिलेला आहे. पहाटेच्या लालपरीनं जायचं, गड चढायचा, वाटेत बसून कविता वाचायच्या आणि पुणे-मिरज मार्गावरच्या जेजुरी स्टेशनातून गाडीनं परतायचं. २०२३ पासून महिलांना एस.टी.त अर्धं तिकीट आहे, त्यामुळे मुलींचा खर्च आणखी कमी.

आम्ही गेलो तेव्हा खरी चर्चा पायऱ्यांवर झाली. वर्गातल्या एकाच्या घरी खंडोबा कुलदैवत, घरात जागरण-गोंधळ होतो, लहानपणापासून वर्षाआड गडावर येणारा पोरगा. मंदिर समजून आत डोकावावं तर गोठा निघतो, ही कविता त्याला वर्गात असतानाच खटकली होती. तिथे, उन्हात, हातावर भंडारा घेऊन तो म्हणाला, ‘मॅडम, हा माणूस बघायला आला होता. आम्ही भेटायला येतो.’ त्याच्या शेजारची मुलगी भांडायला उठली. तिचं म्हणणं, वासराकडे इतकं नीट बघणारा माणूस देवाकडे पाठ फिरवून उभा नसतो. अर्धा तास वाद चालला. भोवती चार भाविकही ऐकत थांबले, त्यांतल्या एका आजोबांनी विचारलं, ‘कोणत्या पुस्तकाचं भांडण आहे रे?’ मी मध्ये पडले नाही. कोलटकरांवरच्या समीक्षेत या वादाचे दोन्ही पक्ष सापडतात, पण माझ्या विद्यार्थ्यांना त्यासाठी समीक्षा वाचावी लागली नव्हती. संध्याकाळी स्टेशनवर गाडी केव्हा येणार हे कुणी धड सांगेना, तेव्हा सगळा वर्ग खो-खो हसत सुटला. पुस्तकाच्या शेवटच्या कवितेतही हेच होतं.

केकबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. कापायचाच असेल तर मिस हॅविशमचा आठवून कापा. डिकन्सच्या त्या बाईंनी लग्नाचा केक वर्षानुवर्षं टेबलावर ठेवून त्यावर कोळी नांदवले. आमच्याकडे भेळ असते. कुरमुरे, फरसाण घरून कुणी ना कुणी आणतं आणि कांदा आमच्या तालुक्यात विकत घ्यावा लागत नाही.

कुणी म्हणेल, हे सगळं छोट्या वर्गात जमतं, शंभर-दीडशे पोरं असलेल्या शहरातल्या विभागानं काय करावं? त्यांनी गट पाडावेत. एका गटानं एक लेखक घ्यावा. तिथे साउंड भाड्यानं आणायला पैसे आहेत, म्हणजे विचार करायलाही वेळ निघेल. हवं तर ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ घ्या. तेंडुलकरांचं हे नाटक देशभरातल्या इंग्रजी विभागांत इंग्रजी भाषांतरातून शिकवतात. महाराष्ट्रातल्या मुलांनी निदान एक दिवस ते मूळ मराठीत वाचावं आणि लीला बेणारेची चौकशी करणाऱ्यांच्या जागी स्वतः बसून पाहावं.

उरला प्रश्न भेटवस्तूंचा. आमच्या विभागाच्या भिंतीवर चार घड्याळं आहेत, प्रत्येक बॅचचं एक, काचेवर सोनेरी अक्षरांत वर्ष लिहिलेलं. चारही वेगवेगळी वेळ दाखवतात, कारण सेल कुणी घालायचे हे कधी ठरलेलंच नाही. कपाटात तीन शाली आणि दोन गणपती आहेत. हे बंद करून आम्ही सांगितलं की, निघताना आपलं एक पुस्तक, वापरलेलं, खुणा केलेलं, एस.वाय.च्या कुणाला तरी हातात देऊन जायचं. आता कपाटात ‘अ‍ॅनिमल फार्म’ची एक प्रत आहे, ती तीन बॅचमधून फिरली. पहिल्या मालकाने अवघड शब्दांचे मराठी अर्थ पेन्सिलीनं लिहिलेत. दुसरीनं त्यातले दोन खोडून दुरुस्त केलेत. तिसऱ्यानं बॉक्सर घोड्याच्या शेवटच्या प्रसंगापाशी समासात लिहिलं आहे: ‘पप्पा. कारखाना. ३१ वर्षे.’ पुढच्या मुलाला त्या प्रकरणावर मला वेगळं लेक्चर द्यावं लागलं नाही.

नव्या शैक्षणिक धोरणानं अभ्यासक्रम बदलला, तीन वर्षांनी थांबायचं की चौथ्या वर्षाला जायचं हाही आता मुलांपुढचा प्रश्न आहे. त्यामुळे निरोप नेमका कुणाला आणि कधी द्यायचा, यावर विभागांच्या बैठका होतील. होऊ द्या. प्राचार्यांना माझी विनंती एवढीच आहे की, या मार्चमध्ये इंग्रजी विभागाला दुपारचे तीन तास आणि एक साधा वर्ग द्या आणि वर्गणीच्या अर्जावर सही करू नका. आणि इंग्रजी घेऊन बी.ए. झालेल्या माजी विद्यार्थ्यांनो, तुमच्या माळ्यावर कुठे तरी बांधून ठेवलेली टेक्स्ट असतील. अभ्यासक्रमात आता नसली तरी चालतील, समासात लिहिलेलं असलं तर फारच उत्तम. जवळच्या कॉलेजच्या इंग्रजी विभागात नेऊन द्या. घड्याळ मात्र नेऊ नका.